जळकोटच्या चौकातला फ्लेक्स

जळकोटहून लातूरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बाप-लेक बसले होते.

"अप्पा, पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, ध्यानात हाय न्हवं?"

"हाव. तू कंपनीतून कायबी आणलं न्हाई."

"तसं न्हाई! मला त्यातलं कळत न्हाई, एवढंच म्हणा."

"पर ते सॉफ्टवेअर तूच लिवलं की रे, वीरेश. चार वर्षं राबून."

"पगार घेऊन लिवलं, म्हणून ते कंपनीचं झालं. नोकरी सोडताना मी पेनड्राइव्हवर भरून आणलं, ती चोरीच हाय म्हणतेत."

"तुझ्या काकाच्या डाळमिलसाठी आणलं. परक्याला तर दिलं न्हाई."

"वकील म्हणले, जेल होऊ शकते, अप्पा."

"हळू बोल. मागं माणसं हायती."

"कंपनीला कळलं कसं, तेच उमजंना. मी कुणापाशी बोललो न्हाई."

"हं."

"तुम्ही कुणाला बोललात काय?"

"तू सामान आणायला पुण्याला गेलतास ना, तवा चौकात फ्लेक्स लावला होता मी. तुझा लई मोठा फोटू टाकून. पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर जळकोटात आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, असं."

"अप्पा... कुठं हाय तो फ्लेक्स?"

"काल तू यायच्या आधीच पोलिसांनी उतरवला. घडी घालून नेला. एका कागदावर माझी सही घेतली."

"काय लिवलं होतं त्या कागदावर?"

"वाचलं न्हाई. तुझं नाव दिसलं, म्हणून लगेच केली."