वांगीवालं स्थळ

मुलुंडच्या एका वधूवर केंद्रात माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. शेजारी आई आणि मुलगी, आईच्या मांडीवर एका स्थळाचा फॉर्म.

“नोकरी काय लिहिलीय गं?”

“जीएम पिकांवर संशोधन. वांग्यात बॅक्टेरियाचा जीन घालतात. अळीने ते वांगं खाल्लं की मरते.”

“आणि आपण?”

“आपल्याला काही होत नाही. बांगलादेशात दहा-बारा वर्षं खातायत लोक.”

“मग आपल्याकडे का अडवलंय?”

“ते सरकारला विचार. तुला बाजारातली औषध फवारलेली वांगी चालतात ना?”

“फवारा धुता येतो. आतला जीन कुठल्या नळाखाली धरू?”

“आई, लग्न मुलाशी करायचंय, वांग्याशी नाही.”

“देवाच्या कामात नाक खुपसणारा जावई मला नको. पुढचा फॉर्म काढ.”

“मला हाच आवडलाय. भेटलेय मी त्याला.”

“कधी?”

“दोनदा.”

“दोनदा! बरं, तिसऱ्यांदा भेटशील तेव्हा त्याला एक विचार.”

“काय?”

“तुझ्या बाबांचं टक्कल माझ्या नातवाला येऊ नये, म्हणून आधीच काही घालता येतं का?”