पाटलीणबाई साडूच्या सोफ्यावर

...आणि त्यो माझा साडू, तुमाला सांगतो, टीव्हीत! पाटलीणबाईच्या शेजारी! मधी वीतभर अंतर, बास! आणि मी हितं कुपवाडला, दिवसभर लेथ मशीनवर उभा राहून आलेला, हातातला भाकरीचा तुकडा हातातच... पाच वर्षं बघतोय मी 'पाटलीणबाईचा मळा'. पाच वर्षं!

एक भाग चुकवला न्हाई. पोरीच्या बारशाला सुद्धा मोबाइल पाळण्याला टेकवून बघितला. बाईचा नवरा बाबूराव विहिरीत पडून मेला, तवा दोन दिस जेवण गेलं न्हाई मला. आणि ह्यो तानाजी, माझ्या बायकोच्या थोरल्या भनीचा नवरा, उंब्रजला असतो, त्यो काय म्हणायचा? "बायकांचं बघतोस व्हय रं?"

तर आला दीड हजारावा भाग. मालिकेवाली मंडळी म्हणली, कायतरी नवीन करायचं. मालिकेतच मालिकेचं शूटिंग दाखवायचं, आणि पाटलीणबाई सेटवरनं उठून थेट एका प्रेक्षकाच्या घरी जाणार! मी तीन अर्ज केले. तीन! उत्तर एकाचं न्हाई. मधीच एकदा तानाजीचा फोन. आवाज असा लोण्यागत. "साडू, त्या बाईच्या म्हशीचं नाव काय रं?" म्हणलं, "चंद्री." "आणि बाबूराव कसा मेला?" मी भोळा! तासभर शिकवलं गड्या, म्हणलं आला एकदाचा माणसात.

मग त्यो भाग लागला. आधी सेट दाखवला. ज्या विहिरीपायी मी उपाशी राहिलो, ती प्लायवूडची! कमरंएवढी! आणि मेलेला बाबूराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वडा खातोय, वर आमाला हात हालवतोय! आवं, मेलाय न्हवं तू?

आणि मग दार उघडलं... इस्त्रीचा शर्ट घालून तानाजी! ह्येला का निवडला? तर घर हायवेला, दारात शूटिंगच्या पाच गाड्या लागत्यात! प्रेक्षक निवडताय का पार्किंग? आणि बोलतोय काय, "बाई, तुमची चंद्री डोळ्यांनी बोलती बघा." माझं वाक्य! मी फोनवर बोललेलं, जसंच्या तसं! बाईनं हात जोडले त्याला. "तुमच्यासारखा जाणकार प्रेक्षक भेटला, आम्ही भरून पावलो!" पाच वर्षं बघतोय मी, आणि भरून पावली ती ह्येला बघून!

शेजारी पल्लवी, माझी बायको. डोळ्यांत पाणी. "किती बारकाईनं बघत्यात न्हाई दाजी?"

"अगं, ती माझी वाक्यं हायती!"

"झालं का सुरू? कुणाचं चांगलं बघवतच न्हाई तुमाला."

व्हय, न्हाई बघवत! लय जळलो मी, लपवायचं काय त्यात? टीव्ही बंद केला, रिमोट पिठाच्या डब्यात खुपसला. म्हणलं, पुन्यांदा ती मालिका बघितली तर नावाचा कृष्णात न्हाई!

तिसऱ्या दिवशी तानाजीचा फोन. म्हणलं, आता हाणतोय फुशारक्या. तर आवाज रडवेला. "साडू, मरायची पाळी आली रं. दळण घेऊन गेलो तर गिरणीवाला इचारतोय, चंद्री परत कवा येणार? एस्टीत बायका जागा देत्यात आणि म्हणत्यात, पुढं काय व्हणार सांगा. मी एक भाग बघितला असंल तर शपथ! तू सांग न्हाईतर गाव सोडावं लागतंय."

'मर तिकडं' असं म्हणणार होतो. अगदी ओठावर आलं होतं. पर... आता तुमच्यापाशी काय लपवायचं, दोनी दिवस जेवणाच्या सुट्टीत मशीनमागं बसून मोबाइलवर बघितलं होतं मी. कुणापाशी बोलायची सोय न्हाई, पोट असं फुगलेलं! लागलो सांगाय. बाईनं वकील बदलला, चंद्रीला कुणी नेलं, धाकटी जाऊ काय म्हणली... भाग बावीस मिनिटांचा, मला पाऊण तास लागला. आणि त्यो तिकडनं, "आयला! मग? मग पुढं?"

आता रोज फोन येतो त्याचा. मी सांगतो, आणि गावात जाणकार त्यो!

काय करता? लग्नाला अकरा वर्षं झाली, "मग पुढं?" असं मला घरात अजून कुणी इचारलेलं न्हाई.