पाय उचलला की थांबायला हवं

…नाही, मला सांगा, पाय उचलला की थांबायला हवं की नको? तीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसले मी, गणवेश शिवले, पडदे शिवले, पाय उचलला की मशीन थांबलं, सरळ कारभार. आणि हा ट्रक, पाय उचलला तरी चालतोच आहे, चालतोच आहे, माहेरी आलेल्या नणंदेच्या तोंडासारखा.

तुम्ही म्हणाल, बाई, कुणी सांगितलं होतं ट्रकवर चढायला? अहो, माझ्या दुकानासमोरच तयार कपड्यांचं दुकान उघडलं. माझ्याकडे माणसं यायची ती फक्त चेन बदलायला. आमचे हे म्हणाले, "आता घरी बस." बसू कशाला, मी काय कुंडी आहे? तेवढ्यात भिंतीवर जाहिरात दिसली, मालाच्या गाड्यांना ड्रायव्हर पाहिजेत, बायकाही चालतील. चार बुकं शिकलेली मी, बोट ठेवून ठेवून वाचलं. म्हटलं, चालतील काय, पळतील.

मालक म्हणाला, "अनुभव काय?" म्हटलं, "हात चालतात, पाय चालतात, डोळा पाव इंच चुकत नाही." हसला मेला. म्हणाला, "परीक्षेला तीन संधी मिळतील. पास झालात तर एक गाडी तुमची, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

मग ते शिकवणारे मास्तर. मिशी अजून नीट टाचून बसलेली नाही, पण आवाज केवढा. पहिल्या दिवशी खाली उभे राहून हात हलवतायत, "मावशी, हळू… हळू… थांबा." मी थांबले. म्हणजे माझ्याकडून मी थांबले, दोन्ही पाय उचलले, हात मांडीवर ठेवले आणि ट्रक कधी थांबतो त्याची वाट बघत बसले… गेला की तो मास्तरांच्या मोटरसायकलवरून. मास्तर म्हणाले, "अहो, ब्रेक कोण मारणार?" म्हटलं, "मला काय माहीत, आमच्यात नसतो."

पहिल्या परीक्षेत तसंच, जिथं थांबायचं तिथं खुणेला ठेवलेलं एक पिंप गेलं. दुसऱ्या परीक्षेला ठरवूनच गेले, आज पाय उचलायचा नाही, दाबायचा. दाबला की जीव खाऊन. तो क्लच निघाला. दुसरं पिंप गेलं. घरी आले तर हे विचारतात, "अजून किती पिंपं शिल्लक आहेत त्यांच्याकडे?"

तिसऱ्या वेळी काय केलं, तुम्हाला सांगते, खिशातून मार्किंगचा खडू काढला आणि ब्रेकवर ही एवढी फुली मारली. परीक्षा घेणारे साहेब शेजारी चढले, खाली वाकून बघतात, "हे काय?" म्हटलं, "साहेब, खूण केल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही." साहेबांनी गुपचूप दाराची कडी धरली.

थांबले, बरं का. फुलीवर थांबले. मग साहेब म्हणाले, "आता मागे घ्या, त्या दोन खांबांच्या मधे." बाकीचे सगळे तिथंच आपटलेले. पण मला तो मुंढाच दिसला, खांद्याचा, आणि ट्रक म्हणजे बाही. बाही कधी ओढून बसत नाही हो, ओढली की चुणी पडते. सोडत सोडत न्यायची, एक डोळा या कडेवर, एक त्या कडेवर. तशी नेली. आरशात बघायचं तर तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पाठी आरशातच बघितल्यात. साहेब उतरले, दोन्हीकडून वाकून बघितलं, म्हणाले, "सारखं अंतर आहे." म्हटलं, "शिवणीपुरतं सोडलंय."

पास झाले.

कागद घेऊन मालकाकडे गेले, छाती ही एवढी. मालकानं कागद बघितला, मला बघितलं आणि सावकाश विचारलं, "बाई, मशीन आहे ना अजून? गाडी तुमचीच, शब्द दिलाय. फक्त तिची ताडपत्री फाटलीय, माल भिजेल. तेवढी शिवून घ्या आणि निघा."

शिवायला बसले, तर कुणीतरी बघितलं. आता अकरा ड्रायव्हर अकरा ताडपत्र्या घेऊन रांगेत उभे आहेत, "मावशी, एवढीच एक शिवण." माझा ट्रक तिथं समोर उभा, फुलीसकट, आणि मी त्याच्याच सावलीत मशीनवर. डावा पाय उगाच क्लच शोधतोय.

जाऊ दे. निदान पाय उचलला की थांबतं तरी.