तीन म्हटलं होतं मी

— नाही, तिथे नको, तिथे कुत्रा बसतो, केसच केस लागतील तुझ्या त्या काळ्या पँटला. इथे बस. आणि चहा घ्यायचाय, विचारत नाहीये मी — तुमच्या एडिंबरात म्हणतात ना पाहुण्याला, 'चहा घेऊनच आला असाल' — तसलं इकडे ग्रीनॉकला चालत नाही. हं, तर काय म्हणत होतीस? शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. माहितीये गं, पट्टी काढायच्या ऑपरेशनच्या आधीही विचारलं होतं की. आत्ता किती? चार. लिही, चार. का, काय झालं? कपाळाला आठ्या का अशा? — आधी तीन होते? मी तीन म्हटलं होतं? — हो, म्हटलं होतं खरं. म्हणजे तुमच्या हिशेबात ती पट्टी काढली आणि या सेंगाबाईंचं, माझं, दुखणं वाढलं. वा! एवढ्यासाठी पोट फाडून घेतलं मी.

ऐक, कॅट्रिओना — कॅट्रिओनाच ना? — ती पट्टी तुला पुस्तकातून माहीत असेल, मला बुडाखालून माहितीये. धाकटीच्या बाळंतपणानंतर शिंकले की गळायचं, हसले की गळायचं. डॉक्टर म्हणाला, प्लास्टिकच्या जाळीची एवढीशी पट्टी आत बसवू, टेकू म्हणून, संध्याकाळी घरी. गेले, आले. गळायचं थांबलं — खोटं कशाला बोलू, थांबलं. पण जांघेत कुणीतरी बारीक तार आवळतंय, दिवसरात्र आवळतंय! बसले की आवळली, बस खड्ड्यातून गेली की आवळली. शाळेच्या जेवणघरात पोरांना वाढायचे मी, ते सोडलं. चर्चमध्ये एका कुल्ल्यावर बसायचे, फादरना वाटायचं हिला पळायची घाई झालीय. आणि डॉक्टर? एक म्हणाला वय झालं, दुसरा म्हणाला सगळं डोक्यात आहे. डोक्यात! अरे बाबा, डोकं वर असतं आणि ते खाली असतं, एवढं मलाही कळतं.

मग तीन का म्हटलं? अगं, इथे सगळे तीनच म्हणतात. कशी आहेस विचारलं की 'बरंय, चाललंय'. माझे वडील जहाजाच्या कारखान्यात होते, पाय लोखंडी पत्र्याखाली सापडला, तर स्ट्रेचरवरून शेजाऱ्याला म्हणाले, 'बरंय.' रडगाणं गाणाऱ्याला इथे कुणी दारात उभं करत नाही. तुमच्याकडच्या बायका सांगत असतील धडाधड आठ नि नऊ — नाही? त्याही तीनच म्हणतात? मग झालंच की तुमचं संशोधन!

आणि दुसरं म्हणजे — आर्ची शेजारी बसला होता. माझा नवरा गं. माझी पर्स मांडीवर धरून बसला होता, दोन्ही हातांनी, जशी काही तीच आजारी आहे. त्याच्यासमोर विचारलं तुमच्या त्या माणसाने. त्याला काय माहीत? त्याला वाटायचं, थोडंफार दुखतं हिचं. एकदा रात्री — लग्न झालंय ना तुझं? नसलं तरी ऐक — त्या जाळीचं टोक आतून बाहेर आलं होतं, ते त्यालाही टोचलं. तर तोच माफी मागायला लागला, बिचारा, आपलंच काही चुकलं म्हणून. त्यानंतर मी मागच्या खोलीत झोपायला गेले. सांगितलं, तू फार घोरतोस. तो नाकाला लावायच्या पट्ट्या आणायला लागला दुकानातून, अजून लावतो — हे लिहू नकोस. हे कुठे लिहितेस! मी दहा म्हटलं असतं ना, तर ती सगळी वर्षं तो परत उकरत बसला असता, प्रत्येक रात्र. म्हणून तीन. मला काही लाज वाटत नाही त्या तीनाची.

पण आता खालच्या मजल्यावरची जेसी आहे. तिचीही पट्टी काढायचीय, यादीत नाव आहे, जिना चढताना कठडा धरून उभी राहते नि मला म्हणते, 'बरंय.' उद्या तुमचे मोठे लोक म्हणतील, सेंगाचे तीनाचे चार झाले, कशाला काढता पट्ट्या? आणि जेसी बसेल आयुष्यभर तार आवळून घेत. ते मी होऊ देणार नाही. खोड तो तीन. — खोडता येत नाही? — पण काय? शेवटी एक प्रश्न आहे, 'आज मागे वळून पाहता ऑपरेशनच्या आधीचं दुखणं किती वाटतं'? मग तो आधी विचारायचास की गं, चहा गार झाला तुझा!

आत्ताचे चार म्हणजे दमलेलं दुखणं आहे, त्याच्याशी मला बोलता येतं. परत गळतं, हो. गळू दे! परवा जेसीने फादरची नक्कल केली, मी हसले, गळलं, आणखी हसले. आणि काल या लाकडी खुर्चीवर बसून सगळे बटाटे सोलले मी — दोन्ही कुल्ल्यांवर बसून. लिही ते. त्याला जागा नाही? मग कडेला लिही.

थांब — दार वाजलं. आर्ची आला, पाव घेऊन. वही का मिटतेस? मी म्हटलं का मीट म्हणून? — आर्ची, बूट पूस नि इकडे ये. ही हॉस्पिटलातली मुलगी. नाही रे, वाईट काही नाही. पिशवी ठेव खाली. बस. तिथेच बस, कुत्र्याच्या जागी. माझ्याकडे बघ. — हं, विचार गं आता. तो शेवटचा. मोठ्याने विचार, त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं.

दहा.

रोज दहा, आर्ची. आणि तू घोरत नाहीस. कधीच घोरला नाहीस.

तू नीघ आता, पोरी. जाताना दार ओढून घे.