टोपीतली चिठ्ठी

१९०८ साल, दक्षिण कॅरोलिना, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. आमच्या गिरणीगावात मी मतदानाच्या रांगेत होतो. माझ्या पुढे विणकाम खात्यातला इनॉक आणि त्याचा मेहुणा लोनी.

"दाजी, टेबलावर एकाच पक्षाच्या छापील मतचिठ्ठ्या ठेवल्यात."

"दरवेळी तसंच असतं. एक उचल, पेटीत टाक, घरी चल."

"दुसऱ्या पक्षाची मी आणलीय. टोपीत आहे."

"हळू बोल, गाढवा! टेबलाशी गिरणीचा साहेब बसलाय. गठ्ठ्याला हात न लावता पेटीकडे कोण जातं, तेच बघतोय."

"बघू दे की."

"घर गिरणीचं आहे, लोनी. तुझ्या ताईला सातवा महिना लागलाय. गेल्या निवडणुकीत दुसरी चिठ्ठी टाकली म्हणून शेजारच्या ऑर्विलचं सामान दुपारच्या आत रस्त्यावर आलं होतं, विसरलास?"

"नाही विसरलो."

"मग आण ती इकडे. मी फाडतो."

"घ्या."

"माझ्या मागून ये. वरची चिठ्ठी उचल आणि मान खाली ठेव."

दोघं मत देऊन बाहेर आले. मी दारातच होतो.

"दाजी, तुम्ही गठ्ठ्यातली चिठ्ठी उचललीच नाहीत. माझी फाडलीत ना?"

"तू घरी पळ. ताईला म्हणावं, भांडी बांधायला घे."