शेवटच्या भागातलं फितूर क्रियापद

...आणि वर डबिंगवाले साहेब मलाच विचारतात, 'काका, एका शब्दानं असं काय बिघडलं?' एका शब्दानं! अहो, परदेशी मालिकेचे मराठी संवाद लिहितो मी, साठ भाग लिहिले, तुम्हाला सांगतो, साठ! आणि एक क्रियापद फितूर होऊ दिलं नाही!

त्या मालिकेत एक डॉक्टर. बाईही नाही, बुवाही नाही. सकाळी टाय, संध्याकाळी झुमके, ऑपरेशन मात्र दोन्ही वेळेला झकास. तिकडच्या भाषेत क्रियापदाला मिशाही नसतात नि बांगड्याही नसतात. आपल्याकडे? दारात उभं राहून 'आलो' म्हटलं की बाप्या, 'आले' म्हटलं की बाई! व्याकरणाच्या तासाला मी बाकावर उभा असायचो, सातवीत शाळाच मला कंटाळली, पण इथं डोकं चालवलं. 'मी थकलो' नाही, 'माझे पाय गेले कामातून'. 'मी निघते' नाही, 'मला निघायला हवं'. 'मी प्रेमात पडलो' तर नाहीच नाही, 'माझा जीव जडलाय तुझ्यावर'... आहे कुठं तो, आहे कुठं ती? एक क्रियापद फितूर होऊ दिलं नाही!

आणि हे कुणासाठी? घरच्या नातवंडासाठी! वय वीस. एक दिवस जाहीर केलं त्यानं, 'मला मुलगी म्हणू नका, मुलगाही म्हणू नका.' आमच्या चिरंजीवांचं तोंड हे एवढंसं. सूनबाई रडवेली, 'मग लोकांपुढं हाक तरी कशी मारायची?' म्हटलं, 'जेवायला चल म्हण! त्यात कुठं आलंय तो नि ती?' नातवंड फिसकन हसलं, आणि तेव्हापासून रोज माझ्या खांद्याला टेकून मालिका बघायला लागलं. म्हणायचं, 'आजोबा, टीव्हीत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखं बोलतंय.'

शेवटच्या भागाला मित्रमंडळी बोलावली त्यानं. सोफ्यावर सहा, जमिनीवर चार, मधे मी, नवरदेवासारखा! पडद्यावर डॉक्टर, आईच्या दारात. मी लिहिलं होतं, 'आई, दार उघड, मला घरी यायचंय.' आणि ऐकू काय यावं? तोच आवाज, पण पाकात बुडवलेला... 'आई, मी आले गं, तुझी लेक!'

खाली लगेच 'मराठी संवाद' म्हणून माझं नाव, ह्या एवढ्या अक्षरांत! नातवंडानं माझ्याकडं पाहिलं. 'आजोबा... तुम्ही पण?' उठलं, खोलीत गेलं, कडी!

साहेबांना फोन लावला. 'काका, शेवट गोड हवा होता हो, प्रेक्षकांचा गोंधळ नको.' अहो, साठ भाग कुणाचा गोंधळ झाला नाही, तो एकदम शेवटच्या मिनिटाला कसा होणार होता? मी एक क्रियापद फितूर होऊ दिलं नाही, आणि ह्यांनी सबंध माणूसच पलीकडं नेऊन बसवला!

माझा मूळ कागद नातवंडाच्या दाराखालून आत सरकवला. दोन दिवस कडी तशीच.

काल पुन्हा साहेबांचा फोन. मला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर. नवी मालिका आहे, नायक यंत्रमानव. म्हटलं, 'तो की ती, आधीच सांगून टाका!' साहेब खो खो हसले, 'काका, यंत्राला कसलं आलंय तो नि ती? सरळ ते म्हणा!'

कडी वाजली. दारात नातवंड, हातात माझा कागद. म्हणालं, 'आजोबा, घ्या हे काम. निदान यंत्राला तरी माणसासारखं वागवतायत.'

घेतलं... काय करता!