दिवाळीचा चुना

आता मी हसतो, पण तवा माही पाचावर धारण बसलती. दिवाळीच्या तोंडावर आमच्या कारखान्याचा ॲसिडचा टँकर तळेगावजवळ कलंडला अन् ॲसिड धूर सोडत गावच्या विहिरीकडे निघालं. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले.

मी कारखान्याच्या जीपमधून उतरताच बोंबललो, “पाणी नोका टाकू, अंगावर उडते! चुना पाह्यजे, चुना!”

पोलीस जमादारानं खिशातून तंबाखूची डबी काढली. “घ्या साहेब, आजच भरली.”

“अहो जमादार, पोत्यानं पाह्यजे!”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. घरं रंगवाचा चुना घरोघरी येऊन पडला होता. शेवटी गंगूकाकी म्हणाली, “विहीर राह्यली तं घरं पुढच्या साली रंगतीन. काढा वं पोते!”

सारे पोते रिकामे झाले, तवा कुठं ॲसिड विहिरीच्या दहा पावलं अलीकडे फसफसत थांबलं.

दिवाळीत मी मिठाई घेऊन काकीकडे गेलतो. गावातली सारी घरं कळकट, रस्ता तेवढा पांढराशुभ्र. तेवढ्यात काकीचा जावई सेलूहून आला अन् दारातच थबकला. “हे काय? घर सोडून रस्त्याले काऊन चुना मारला?”

काकी पदर सावरत म्हणाली, “तुमी येनार होते न, जावईबापू!”